पाळण्यातून पडल्यावर

प्रिय रोहिणी आणि केदार,

तुमच्या आईचं पत्र परवा मिळालं. रोहिणी, तिकडच्या खेळांच्या बागेत तू फिरत्या गाडीतून पडलीस, मांडीचं हाड मोडलं आणि आता दहा आठवडे पलंगावर आहेस, हे वाचून मी बराच वेळ पत्र हातात धरून बसले. खाली केदारने दोन ओळी लिहिल्या आहेत. बागवाल्यांनी तुमच्या बाबांना सहीसाठी एक कागद पाठवला आहे, आणि ते म्हणतात की तिकिटाच्या मागे आधीच छापलं होतं, बसणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर बसावं. "आजी, असं चालतं का?" असं त्याने विचारलं आहे.

मी डाव्या पायाने लंगडते हे तुम्ही लहानपणापासून पाहता. का लंगडते, ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. आता सांगते, कारण रोहिणी पडून आहे, आणि पडून राहिलेल्या माणसाच्या मनात काय काय येतं ते मला माहीत आहे. केदारला उत्तरही द्यायचं आहे, पण ते मला एका ओळीत देता येत नाही. डोळे थकले आहेत. रोज एक पान लिहीन.

थोडक्यात आधीच सांगते. मुरबाडकडच्या जत्रेत मी पाळण्यातून पडले. माझा पाय मोडला आणि शेजारी बसलेल्या सोनूबाईचा उजवा हात मोडला. माझ्या पायाची काळजी डॉक्टर घेत होते. सोनूबाईच्या हाताची भरपाई कुणी करायची, हे माणसांनी ठरवायचं होतं, आणि त्याच्या आड माझंच एक वाक्य आलं होतं.

अर्ज

दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून वर्ष-दोन वर्षं होती. तुमचे आजोबा शहापूरला शाळामास्तर होते. मी सव्वीस वर्षांची, मॅट्रिक झालेली. गावात इंग्रजी लिहिणारी बाई मी एकटीच होते, आणि खोटं कशाला सांगू, मला त्याचा अभिमान होता. लोक अर्ज लिहून घ्यायला येत. मी ओसरीवर बसून लिहून देई.

गणू पाळणेवाला त्यातलाच एक. दर पौषात जत्रेच्या आधी तो शहापूरवरून जाई. त्याचा पाळणा म्हणजे उंच लाकडी चाक, त्याला टांगलेल्या चार पेट्या, आणि हाताने चाक फिरवणारे दोन गडी. त्या वर्षी नवीन साहेब आला होता, त्याला परवानगीचा अर्ज इंग्रजीत हवा होता.

"बाई, चांगला जोरात लिवा," गणू म्हणाला. "साहेबानं वाचलं का म्हनला पायजे, हा मानूस साधा नाय."

मी जोरात लिहिला. शेवटी आपल्या मनाने एक ओळ घातली. पुण्याला शिकत असताना एका सर्कशीच्या तिकिटावर वाचली होती आणि तिचा डौल मला फार आवडला होता. तिचा अर्थ असा: जो कोणी पाळण्यात बसेल तो आपल्या जबाबदारीवर बसेल, आणि इजा झाल्यास मालक उत्तरदायी राहणार नाही. गणूने ती मागितली नव्हती. तिचा अर्थही मी त्याला सांगितला नाही. साहेबाने शिक्का मारला. मला वाटलं, झालं एक काम.

पडणं

मी जत्रेला शेजारणीबरोबर बैलगाडीतून गेले होते. पाळण्यात बसायची हौस माझीच. शेजारीण घाबरली, म्हणून गणूने माझ्याबरोबर एका अनोळखी बाईला बसवलं. तो पेट्यांचा तोल डोळ्यांनी बघायचा, जाडीसमोर बारीक, माणूस कमी पडलं तर पेटीत दगड. ती बाई काळीसावळी, हाडापेराने मजबूत, सापगावची. तीच सोनूबाई.

"पैल्यांदा बसताय काय, बाय?" तिने विचारलं.

"हो."

"मग माझा दंड धरा. लाजू नका."

मी लाजले नाही, धरला. तिसऱ्या की चौथ्या फेरीला, आम्ही वरून खाली येत असताना, पेटी ज्या लोखंडी खिळीवर टांगलेली होती ती खीळ सुटली. पेटी एका बाजूला कलंडली. सोनूबाईला कडी धरून राहता आलं असतं. पण तिचा दंड मी धरला होता, आणि तिनेही मला सोडलं नाही. दोघी खाली आलो. माझा पाय पेटीच्या कडेखाली सापडला आणि तिचा हात माझ्याखाली.

बाकीचं तुटक आठवतं. मुरबाडपर्यंत बैलगाडी. तिथून कल्याणमार्गे ठाण्याला जाणाऱ्या गवताच्या लॉरीत गाठींवर मला आडवं घातलं होतं. प्रत्येक खड्ड्याला मी आईला हाक मारत होते. सोनूबाईला तिचा नवरा महादू घरी घेऊन गेला, हाडवैद्याकडे. दवाखान्यात राहिली तर घरचं कोण बघणार, असं तिचं म्हणणं.

डॉक्टर काय म्हणाले

ठाण्याच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर आले. त्यांनी पाय पाहिला, जखम हुंगली, आणि तुमच्या आजोबांना बाहेर घेऊन गेले. ते आपल्याला सोडून दुसऱ्याशी बोलायला जातात, तो क्षण सगळ्यात वाईट. रोहिणी, तुझ्याही बाबतीत हे झालं असेल.

आजोबा परत आले आणि माझ्या डोक्याशी बसून चष्मा पुसत राहिले.

"सांगा की," मी म्हटलं.

"मांडीचं हाड आहे. जुळेल म्हणतात." थोड्या वेळाने म्हणाले, "जखमेत पू आहे. तो वर चढला तर पाय ठेवता येणार नाही. आठ दिवस बघू म्हणाले."

तेव्हा आजच्यासारखी औषधं नव्हती. जखम धुवायची आणि वाट बघायची. ते आठ दिवस मी पायाच्या बोटांकडे बघत काढले. बोटं हलली की दिवस चांगला. नवव्या दिवशी ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, पाय राहील, पण आखूड होईल. मला रडू आलं नाही, झोप आली. खूप दिवसांनी गाढ झोप.

रोजचं

पलंगाच्या पायथ्याशी लाकडी चौकट होती. तिच्यावरून दोरी, आणि दोरीला वाळूची पिशवी. ती पिशवी माझा पाय रात्रंदिवस ओढत असे. कूस बदलायची नाही. पाठीला व्रण पडू नयेत म्हणून स्पिरिट चोळत. पहाटे ताप बघायचा, मग भांडं, मग पेज, मग जखम धुणं. जखम धुण्याआधीचा अर्धा तास धुण्यापेक्षा वाईट. त्याला मी कधीच सरावले नाही, तेव्हा तुलाही सराव झाला नाही तर स्वतःला भित्री म्हणू नकोस.

लाज दुसऱ्या आठवड्यात संपते. कंटाळा मात्र संपत नाही. छताच्या फळ्या मी इतक्यांदा मोजल्या की शेवटी वेगवेगळ्या आकड्यांवर माझंच माझ्याशी भांडण होई.

वसईकडची एक नर्स होती. बोलायला तुसडी. वीस दिवसांनी एकदा दुपारी ती काही न विचारता बादली घेऊन आली, माझं डोकं पलंगाच्या कडेबाहेर घेतलं आणि शिकेकाईने केस धुतले. "उवा झाल्या तर मलाच त्रास," असं पुटपुटत होती. एवढी वर्षं झाली, तिचे हात आठवतात.

घरची माणसं

तुमची आत्या तेव्हा तीन वर्षांची होती. तुमचे बाबा आणि अशोककाका अजून जन्मायचे होते. आत्याला महिन्याने भेटायला आणलं, तर ती माझ्याजवळ येईना. औषधाचा वास येत होता. ती सासूबाईंच्या पदरात तोंड घालून म्हणाली, "ही आई नाही." तिला काय कळत होतं! पण मी दोन दिवस जेवले नाही.

सासूबाई वाईट नव्हत्या. घर, मूल, माणसांचे प्रश्न, सगळं त्यांच्यावर पडलं होतं. पलंगाशी उभ्या राहून त्या एवढंच म्हणाल्या, "मूल पाळण्यात घालायचं सोडून आईच पाळण्यात बसली. लोकांना काय सांगू?" शेजारच्या खाटेवरची बाई हसली. मलाही हसू आलं, आणि हसल्यावर पाय असा दुखला की शिक्षा तिथल्या तिथे मिळाली.

आजोबा दर रविवारी यायचे. आल्यावर काय बोलावं ते दोघांनाही सुचत नसे. माणसं आजारपणात एकमेकांच्या जवळ येतात असं लिहिलेलं मी वाचलं आहे. आम्ही त्या महिन्यांत फक्त दमलो.

दोन पाहुणे

फेब्रुवारीत गणू आला. केळ्यांचा घड घेऊन दाराशी उभा राहिला, मी बोलावल्यावर आत आला.

"बाई, चूक झाली. खीळ जुनी व्हती. या जत्रेपुरती चालंल, असं वाटलं." मग जरा वाकून म्हणाला, "पन तुमी लिवलेला कागद देवासारखा कामाला आला. सापगावची मानसं माझा पाळणा अडवून बसलीत. मी कागद दाखवला. तुमी लिवलाय म्हनून नाय सांगितलं हां. साहेबाचा कागद म्हटलं का गप बसतात."

तो माझे आभार मानायला आला होता. केळी ठेवून गेला.

चार दिवसांनी महादू आला. सापगावहून आसनगाव स्टेशनपर्यंत चालत, मग गाडीने. खाटेजवळ जमिनीवर उकिडवा बसला.

"सोनूबाईचा हात कसा आहे?" मी विचारलं.

"वाकडा बसला. मूठ मिटत नाय." तो खाली बघत बोलत होता. "बाय, पैशाचं नाय. आवनीचं हाय, भात लावायचं. आमच्याकडं सावड चालते, तुमाला ठावं असंल. ती आठ घरांत भात लावाय जाते, मंग आठ घरं आमच्याकडं येतात. ती गेली नाय तर कोन येल? मी एकटा किती लावनार? राबात पेरलेलं रोप राबातच म्हातारं व्हईल."

"गणूकडे माणसं मागा ना."

"मागितली. तो कागद दाखवतो. म्हनतो, बसनारा आपल्या जबाबदारीवर बसला. मला वाचता येत नाय, सोनी बोलली बायला इचार, बायला इंग्रजी येते, बाय खोटं सांगनार नाय." त्याने वर बघितलं. "खरंच तसं लिव्हलंय काय त्यात?"

मी म्हटलं, "हो. तसं लिहिलंय."

एवढंच म्हटलं. कुणी लिहिलं, ते नाही म्हटलं. तो उठला, हात जोडले, म्हणाला, "मंग ऱ्हायलं," आणि गेला. मला वाचवताना जिचा हात मोडला तिचा नवरा माझ्याकडे खात्री करून घ्यायला आला होता, आणि मी त्याला खरं सांगून फसवलं होतं.

तीन आठवडे

त्यानंतर तीन आठवडे मी गप्प राहिले. ताप पुन्हा येऊ लागला. डॉक्टरांना कारण सापडेना. मला वाटत होतं ते कारण मी त्यांना सांगितलं नाही, आणि तेच खरं होतं असंही आज म्हणवत नाही. जखमा स्वतःच्या मनाने चिघळतात.

शिमगा झाल्यावर सापगावचे पंच बसणार आहेत असं कळलं. तेव्हा एका रविवारी मी आजोबांना सगळं सांगितलं.

त्यांनी स्टूल खाटेजवळ ओढलं. मग म्हणाले, "कुणाला कळणार आहे? गणू सांगणार नाही. साहेब बदलून गेला."

"मला कळलंय ना."

"अगं, आधीच शाळेत लोक विचारतात, मास्तरांची बायको पाळण्यात कशाला बसली. आता हे. पुढच्या वेळी अर्ज लिहायला कोण येईल तुझ्याकडे?"

"नाही आले तर नाही आले."

"आणि त्याने काय होणार? शिक्का तर शिक्का आहे."

ते रागावले होते, कारण घाबरले होते. मीही घाबरले होते. आमचं भांडण वॉर्डभर ऐकू गेलं असेल. शेवटी मी कागद मागितला. उताणं झोपून टाकाने लिहिता येत नाही, शाई उलटी येते. नर्सने शिसपेन्सिल दिली. हात उंच धरून, थांबत थांबत, मी मराठीत लिहिलं.

लिहिलं ते असं: ती ओळ माझी आहे. गणूने ती मागितली नव्हती. ती पाळण्यात बसणाऱ्या एकाही माणसाला कुणी वाचून दाखवली नाही, आणि बसणाऱ्यांत ती वाचता येणारी मी एकटी होते. मीसुद्धा बसताना ती ओळ आठवून बसले नाही. मी खिळीच्या भरवशावर बसले, आणि खीळ जुनी आहे हे फक्त गणूला माहीत होतं. ज्याला माहीत होतं त्याने उत्तर द्यावं.

केदार, तुझ्या प्रश्नाला माझं आजही एवढंच उत्तर आहे. बाबांना सांग, कागद आधी दोनदा वाचा. गाडीत काय बिघडलं होतं आणि ते कुणाला माहीत होतं, हे विचारा. त्याचं उत्तर येईपर्यंत सही करू नका.

पंच

आजोबा तो कागद घेऊन सापगावला गेले. मी जा म्हटलं नव्हतं. टपालाने पाठवा म्हटलं होतं. ते स्वतः गेले आणि सगळ्यांसमोर उभं राहून त्यांनी तो वाचला. तिथे काय झालं ते सोनूबाईने मला पुढे इतक्यांदा सांगितलं की मी तिथे होते असंच वाटतं.

म्हातारे पाटील मधे बसले होते. त्यांनी गणूला विचारलं, "खीळ कोनाची?"

"माझी. पन जत्रा देवीची, पाटील. तिच्या मनात असंल तसं..."

"देवीला मधे घेऊ नको. खीळ देवीनं ठोकली व्हती काय?"

"नाय."

"जुनी व्हती, ठावं व्हतं?"

गणूने सगळ्यांकडे बघितलं. मग म्हणाला, "व्हतं."

"मंग कागदाचं जाऊ दे. तुझी दोन मानसं आवनी संपस्तवर महादूकडं."

"ती पाळणा ढकलनारी मानसं, पाटील! त्यांना कुठं भात लावता येतं?"

"ढकलता येतं तर वाकता बी येल."

लोक हसले. मग पाटील आजोबांकडे वळले. "मास्तर, बाईनं खरं लिव्हलं, बरं केलं. पन आदीचं बी तिनंच लिव्हलं ना? त्या शब्दापायी हा गनू दोन मयने कागद मिरवत ऱ्हायला. थोडं तुमच्या घरावर बी येतं."

"मान्य आहे," आजोबा म्हणाले. "काय द्यावं लागेल?"

"चार दिस. सावडीला."

"कुणी?"

"बाईचा तर पाय मोडलाय," पाटील म्हणाले. "मंग ऱ्हायलं कोन?"

चिखल

मी मे महिन्यात कुबड्या घेऊन घरी आले. डावा पाय इंचभर आखूड. चांभाराने चपलेला जाड तळ लावून दिला. आत्या पहिले काही दिवस लांबून बघायची. मग एक दिवस कुबडी घेऊन स्वतःच लंगडून दाखवू लागली, आणि आमचं जमलं.

आषाढात तुमचे आजोबा सापगावला गेले. त्यांनी जन्मात चिखलात पाय घातला नव्हता. धोतर खोचून, डोक्यावर घोंगडी घेऊन चार दिवस वाकले. तिसऱ्या दिवशी मला गाडीत घालून तिथे नेलं, सोनूबाईने निरोप पाठवला होता. ती बांधावर बसून डाव्या हाताने रोपांच्या मुठी मोजून देत होती आणि ओरडत होती, "मास्तर, उलटं चालायचं, उलटं! लावलेल्यावर पाय देताय! शाळेत पोरांना असंच शिकवता काय?"

गणूची माणसं आणि मास्तर एका रांगेत. रांग कुठल्या कुठे जात होती. महादू मागून गुपचूप नीट करत होता. सोनूबाई माझ्याकडे वळली.

"बाय, तुमी सांगितलं नसतं तरी चाललं असतं," ती म्हणाली.

"कसं चाललं असतं?"

तिने विचार केला. "नसतं चाललं," ती म्हणाली, आणि पुन्हा मास्तरांवर ओरडू लागली.

तिने मला माफ केलं की नाही, ते मी कधी विचारलं नाही. तिची मूठ पूर्ण कधीच मिटली नाही. पण त्या वर्षी तिचं शेत वेळेवर लागलं, आणि आठही घरं पुढच्या वर्षी तिच्याकडे आली. ती लावायला गेली नाही, रोपं काढून द्यायला आणि भाकऱ्या करायला गेली. ते त्यांनी सावडीत धरलं. मी त्यानंतरही अर्ज लिहिले. त्यात काय लिहिलंय ते आधी मोठ्याने वाचून दाखवलं.

पुढच्या आषाढात आजोबा न सांगता पुन्हा चार दिवस गेले. मी विचारलं, फेड झाली ना? ते म्हणाले, "अगं, त्यांनी आपल्या घराचं छप्पर शाकारून दिलं वैशाखात. आता आपली पाळी." मग तसंच होत राहिलं.

सोनूबाई गेली, महादू गेला, तुमचे आजोबाही गेले. सापगावच्या त्या शेतात आता सोनूबाईची सून भात लावते. दर आषाढात आमच्या घरातलं एक माणूस तिथे चार दिवस जातं. यंदा अशोककाका गेला होता.